स्वतःहून भौतिकशास्त्र शिकताना: पहिलं पुस्तक कसं शोधावं आणि कसं वाचावं

शाळा संपली तसं माझं भौतिकशास्त्र सुटलं ते सुटलंच. कित्येक वर्षांनी कृष्णविवरांवरचं एक पुस्तक हाती आलं आणि मी झपाटल्यासारखी वाचत सुटले. विश्वाचा जन्म, सापेक्षता, क्वांटम, मिळेल ते दोन वर्षं वाचलं. आपल्याला आता बरंच कळतं असं वाटायला लागलं होतं. मग एक दिवस दहावीतल्या भाचीने विचारलं, "मावशी, चेंडू सरळ वर फेकला. अगदी टोकाला पोचला त्या क्षणी त्याचं त्वरण किती?" मी लगेच म्हणाले, शून्य. ती म्हणाली, "अगं, वेग शून्य. त्वरणही शून्य असतं तर चेंडू तिथेच लटकून राहिला असता ना?"

बरोबर होतं तिचं. वर जाताना, टोकाला आणि खाली येताना, तिन्ही वेळी त्वरण, म्हणजे वेग बदलण्याचा दर, तेवढंच असतं: खालच्या दिशेने सुमारे ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग. दोन वर्षांच्या वाचनातून मला एवढंही आलेलं नव्हतं.

त्यानंतर मी पाठ्यपुस्तकाकडे वळले आणि तिथेही दोनदा फसले. पहिलं पुस्तक नावाजलेलं म्हणून घेतलं, ते तिसऱ्या प्रकरणात अडकून पडलं. दुसरं इतकं सोपं होतं की वाचून झालं तरी एकही उदाहरण सोडवता येईना. तिसऱ्या खेपेला जमलं. तुम्ही आज जिथे उभे आहात तिथून जे पुस्तक एकच पायरी वर आहे आणि जे दर दोन पानांनी हातात पेन्सिल घ्यायला लावतं, ते तुमच्यासाठी चांगलं. असं पुस्तक कसं हुडकायचं, ते खाली सांगते.

सुरुवातीला जवळ काय हवं

- एक जाड कच्ची वही आणि एक पक्की वही
- पेन्सिल, खोडरबर, पट्टी
- साइन, कोसाइन आणि घात काढता येतील असा कॅल्क्युलेटर (मोबाइलमधला चालतो)
- सेकंद मोजायला स्टॉपवॉच, मीटरभर दोरा आणि एखादा जड नट
- एक मुख्य पुस्तक आणि अडलं तर उघडायला एक जोडपुस्तक. याहून जास्त पुस्तकं सुरुवातीला घेऊ नका.

## १. लोकविज्ञान आणि पाठ्यपुस्तक यांतला फरक ओळखा

लोकविज्ञानाची पुस्तकं मला आजही आवडतात. त्यांच्यामुळेच भूक लागते. पण त्यांत तुम्हाला कुठेच काही करून दाखवावं लागत नाही, त्यामुळे आपल्याला कळलंय की नुसतं कळल्यासारखं वाटतंय, हे तपासायची सोय नसते. ओळखायला सोपी खूण म्हणजे कुठल्याही प्रकरणाचं शेवटचं पान उघडा. तिथे स्वाध्याय असेल तर ते शिकायचं पुस्तक. नसेल तर ते रात्री झोपण्यापूर्वी वाचायला ठेवा आणि अभ्यासाच्या टेबलावरून उचला.

## २. स्वतःचं गणित अर्ध्या तासात मोजा

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि बहुतेक जण इथेच मार खातात. मी दोन्ही केलं. पुस्तक शोधण्याआधी हे पाच प्रश्न कागदावर सोडवा:

१. अंतर = अर्धा × त्वरण × वेळेचा वर्ग. यातून वेळ एकटी एका बाजूला आणा.
२. ताशी ७२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला किती मीटर?
३. ३ गुणिले १० चा आठवा घात, याला ६ गुणिले १० चा चौदावा घात याने भागा.
४. ३० अंशांच्या उतारावरून १० मीटर चाललात, तर किती उंच चढलात?
५. अंतर-वेळ आलेख ही तिरकी सरळ रेषा आहे. तिचा चढ काय सांगतो?

उत्तरं अशी: पहिल्यात वेळ म्हणजे दुप्पट अंतराला त्वरणाने भागून त्याचं वर्गमूळ. दुसऱ्यात २० मीटर. तिसऱ्यात ५ गुणिले १० चा उणे सातवा घात. (पहिली संख्या म्हणजे प्रकाशाचा वेग मीटर प्रति सेकंदमध्ये, दुसरी वारंवारता. उत्तर आलं ती हिरव्या प्रकाशाच्या आसपासची तरंगलांबी, मीटरमध्ये. म्हणजे एक खरंखुरं भौतिकशास्त्राचं उदाहरण तुम्ही आत्ताच सोडवलंत.) चौथ्यात ५ मीटर. पाचव्यात चाल, म्हणजे वस्तू किती वेगाने जाते ते.

पहिले तीन अडले, तर आधी महिनाभर शाळेतलं बीजगणित आणि घातांक पक्के करा. हा महिना वाया जात नाही, पुढचे सहा महिने वाचवतो. फक्त चौथा अडला तर थांबू नका, लागेल तेवढी त्रिकोणमिती पंधरा दिवसांत वाचता वाचता येते. पाचवा अडला तर मात्र आलेखांवर दोन-तीन संध्याकाळी घालवा. पहिली अनेक प्रकरणं आलेखांवरच चालतात.

कॅल्क्युलस, म्हणजे विकलन आणि संकलन, पहिल्या पुस्तकाला लागत नाही. येत नसेल तर बिचकू नका.

## ३. मुखपृष्ठावरची भाषा वाचायला शिका

मला हे कुणी सांगितलं असतं तर पहिलं पुस्तक चुकलंच नसतं. इंग्रजी पाठ्यपुस्तकांची, विशेषतः अमेरिकेतून येणाऱ्यांची, ढोबळमानाने तीन घराणी आहेत आणि कोणतं पुस्तक कोणत्या घराण्यातलं, ते बहुधा नावातच असतं.

"कन्सेप्च्युअल" असेल तर गणित नावापुरतं, भर कल्पनांवर. "कॉलेज फिजिक्स" असेल तर बीजगणित आणि त्रिकोणमिती लागते, कॅल्क्युलस नाही. "युनिव्हर्सिटी फिजिक्स" किंवा "फॉर सायंटिस्ट्स अँड इंजिनिअर्स" असं लिहिलं असेल तर कॅल्क्युलस येतं असं धरूनच लेखक चालतो. नावं ऐकून कॉलेज आणि युनिव्हर्सिटी एकच वाटतात, आणि घोटाळा नेमका तिथेच होतो. नावावरून खात्री होत नसेल तर प्रस्तावना वाचा. वाचकाला कोणतं गणित यायला हवं, ते तिथे एका वाक्यात सापडतं.

## ४. मराठी की इंग्रजी? दोन्ही, पण शब्दांची वही ठेवून

कल्पना पहिल्यांदा मराठीत वाचली तर मनात लवकर रुजते. पुढचं बरंचसं साहित्य मात्र इंग्रजीत आहे. म्हणून पहिल्या दिवसापासून पक्क्या वहीत दोन रकाने आखा: त्वरण–ॲक्सलरेशन, संवेग–मोमेंटम, जडत्व–इनर्शिया, विस्थापन–डिस्प्लेसमेंट, विभवांतर–पोटेन्शियल डिफरन्स, अपवर्तन–रिफ्रॅक्शन. तीस-चाळीस शब्द झाले की एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाताना ठेच लागत नाही.

खरा धोका अनोळखी शब्दांचा नसतो. अनोळखी शब्द दिसला की आपण थांबतो आणि अर्थ बघतो. ओळखीचा शब्द दिसला की थांबत नाही. बोलताना आपण जोर, ताकद, बल, शक्ती, ऊर्जा हे शब्द एकमेकांच्या जागी सहज वापरतो. भौतिकशास्त्रात बल वेगळं, ऊर्जा वेगळी आणि शक्ती म्हणजे दर सेकंदाला किती कार्य झालं तो दर. तिघांची एककंही वेगळी: न्यूटन, ज्यूल, वॅट. "वजन ६० किलो" असं आपण म्हणतो, पण किलोग्रॅम हे वस्तुमानाचं एकक. वजन हे बल आहे आणि ६० किलोग्रॅम वस्तुमानाच्या माणसाचं वजन साधारण ५९० न्यूटन भरतं. चंद्रावर ते सहाव्या हिश्श्याएवढं होईल, वस्तुमान तेवढंच राहील.

"कार्य" हा शब्द तर फारच फसवतो. जड पिशवी हातात धरून तुम्ही तासभर एका जागी उभे राहिलात तर दंड भरून येतो, पण पिशवीवर तुम्ही केलेलं कार्य शून्य, कारण पिशवी हललीच नाही. हे वाचून मला राग आला होता. नंतर कळलं की ताणलेल्या स्नायूंना आत ऊर्जा खर्च करावीच लागते, पण ती पिशवीत जात नाही. दमणं आणि कार्य यांचा संबंध मनातून तोडला तेव्हा ऊर्जेचं प्रकरण पुढे सरकलं.

दोन रकान्यांच्या शेजारी म्हणूनच तिसरा आखा: "बोलण्यात अर्थ काय, इथे काय".

## ५. दोन-तीन पुस्तकं समोर ठेवा

नावं सांगते, पण ही यादी संपूर्ण नाही. मी स्वतः वापरून पाहिलेली ही पुस्तकं आहेत.

गणिताची भीती असेल तर पॉल ह्युइट यांचं "कन्सेप्च्युअल फिजिक्स". पहिली आवृत्ती १९७१ ची. चित्रं भरपूर आणि प्रश्न असे की आकडेमोड न करता डोकं खाजवायला लावतात.

बीजगणित बरं असेल तर राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्स उपक्रमातलं "कॉलेज फिजिक्स". ते अधिकृतपणे मोफत वाचता आणि उतरवून घेता येतं, त्यामुळे संशयास्पद ठिकाणची अर्धवट स्कॅन केलेली प्रत शोधत बसू नका. अशा प्रतींत घातांक पुसट होतात, १० चा सहावा घात १०६ होऊन बसतो आणि तुम्ही तासभर स्वतःला दोष देत राहता. कॅल्क्युलस येत असेल तर त्याच उपक्रमाचं तीन खंडांतलं "युनिव्हर्सिटी फिजिक्स" आहे.

हॅलिडे आणि रेस्निक यांचं पाठ्यपुस्तक १९६० पासून चालत आलंय आणि त्यातले स्वाध्याय उत्तम आहेत. पण त्याला कॅल्क्युलस हवं. ते दुसरं पुस्तक म्हणून घ्या.

आता ज्याची सगळेच शिफारस करतात त्याबद्दल. भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फायनमन यांनी १९६१ ते १९६३ या काळात अमेरिकेतल्या कॅलटेक या संस्थेत दिलेली व्याख्यानं तीन खंडांत आहेत आणि जालावर मोफत वाचता येतात. माझं मोडलेलं पहिलं पुस्तक हेच. व्याख्यानं फार सुंदर आहेत, पण ती शिकणाऱ्याला हाताला धरून नेत नाहीत, आणि सोडवायची उदाहरणं त्या खंडांत नाहीतच, ती वेगळी छापली आहेत. विद्यार्थ्यांच्या दृष्टीने हा प्रयोग फारसा साधला नाही, अशी शंका खुद्द फायनमन यांनी प्रस्तावनेत नोंदवली आहे. थोडं भौतिकशास्त्र आल्यावर वाचलीत तर या व्याख्यानांतून दुप्पट मिळतं.

काही जण थेट मुळापासून, न्यूटनच्या १६८७ च्या "प्रिन्सिपिया"पासून सुरुवात करायला निघतात. ते लॅटिनमध्ये, भूमितीच्या भाषेत लिहिलेलं आहे आणि आज आपण वापरतो ती समीकरणं त्यात त्या रूपात नाहीत. इतिहास म्हणून नंतर जरूर वाचा.

## ६. पुस्तकाची परीक्षा घ्या

यासाठी तासभर द्या. पुस्तक पहिल्या पानापासून वाचू नका. सूचीतून न्यूटनचा तिसरा नियम काढा आणि ती दोन-तीन पानं नीट वाचा. माझ्या मते पुस्तकाचा कस इथे लागतो तसा दुसरीकडे कुठेच लागत नाही.

टेबलावर एक वस्तू ठेवली आहे. पृथ्वी तिला खाली ओढते, टेबल तिला वर रेटतं. दोन्ही बलं सारखी आणि विरुद्ध दिशेची. मग हीच क्रिया-प्रतिक्रियेची जोडी का? नाही. क्रिया आणि प्रतिक्रिया कधीच एकाच वस्तूवर नसतात. पृथ्वी वस्तूला ओढते, त्याची प्रतिक्रिया म्हणजे वस्तू पृथ्वीला ओढते ती. टेबल वस्तूला वर रेटतं, त्याची प्रतिक्रिया म्हणजे वस्तू टेबलाला खाली रेटते ती. अशा दोन वेगळ्या जोड्या झाल्या. पटत नसेल तर तेच टेबल लिफ्टमध्ये ठेवा. लिफ्ट वर जायला निघते त्या क्षणी टेबलाचा वरचा रेटा वस्तूच्या वजनापेक्षा जास्त होतो. ती जोडी असती तर असं कधीच झालं नसतं. स्थिर टेबलावर दोन्ही बलं सारखी होती कारण वस्तूला त्वरण नव्हतं, म्हणजे ती करामत न्यूटनच्या दुसऱ्या नियमाची (एकूण बल = वस्तुमान × त्वरण) होती.

चांगलं पुस्तक हा फरक मुद्दाम उकलून सांगतं, कोणतं बल कोणत्या वस्तूवर आहे ते वेगवेगळ्या चित्रांत दाखवतं. सुमार पुस्तक "प्रत्येक क्रियेला समान आणि विरुद्ध प्रतिक्रिया असते" हे वाक्य लिहून पुढे जातं. आणि वाईट पुस्तक टेबलाचंच उदाहरण जोडी म्हणून देतं. तसं आढळलं तर ते तिथेच मिटा.

वेळ उरला तर आणखी तीन ठिकाणी डोकावा.

*अंतराळवीर का तरंगतात?* "तिथे गुरुत्वाकर्षण नसतं" असं लिहिलं असेल तर चूक. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक साधारण ४०० किलोमीटर उंचीवर आहे आणि तिथे गुरुत्वत्वरण जमिनीवरच्या सुमारे ९० टक्के असतं. स्थानक आणि माणसं एकत्रच पृथ्वीभोवती पडत राहतात, म्हणून तरंगतात.

*विमान का उडतं?* "पंखाचा वरचा भाग जास्त वक्र, म्हणून वरच्या हवेला लांबचा रस्ता, आणि खालच्या हवेला गाठायला ती जोरात धावते" हे स्पष्टीकरण फार पसरलेलं आहे. पण दोन्ही हवांनी मागच्या कडेला एकाच वेळी पोचलं पाहिजे असा कोणताच नियम नाही, आणि प्रत्यक्षात वरची हवा आधी पोचते. पंख हवेला खाली वळवतो, हे तिथे यायला हवं.

*ऋतू का होतात?* कारण सूर्यापासूनच्या अंतरात दाखवलं असेल तर तेही चूक. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ जानेवारीच्या सुरुवातीला असते, उत्तर गोलार्धात ऐन थंडी असताना. ऋतू होतात ते आसाच्या सुमारे २३.५ अंशांच्या कलामुळे.

शेवटी मागची पानं बघा. निदान एक सोडून एक उदाहरणाची उत्तरं दिलेली हवीत. एकट्याने शिकणाऱ्याला चूक दाखवायला दुसरं कुणी नसतं. उत्तरसूची नसलेलं पुस्तक, ते कितीही चांगलं असो, पहिलं पुस्तक होऊ शकत नाही.

## ७. जुनी आवृत्ती चालते

नव्या आवृत्तीसाठी अडून बसू नका. सुरुवातीच्या वर्षभरात जे शिकायचं आहे, ते गेल्या शंभर वर्षांत बदललेलं नाही. जुन्या पुस्तकात किलोग्रॅमची व्याख्या पॅरिसजवळ ठेवलेल्या प्लॅटिनम-इरिडियमच्या ठोकळ्यावरून दिलेली असेल. २० मे २०१९ पासून ती प्लँकच्या स्थिरांकावरून ठरते. २०१२ मध्ये सापडलेला हिग्ज कण किंवा २०१५ मध्ये पहिल्यांदा टिपलेल्या गुरुत्वीय लहरी त्यात नसतील. समासात पेन्सिलने टीप लिहा की झालं.

एकच सापळा जपा: एककं. खूप जुन्या पुस्तकांत डाइन आणि अर्ग किंवा फूट आणि पौंड असतात. १ न्यूटन म्हणजे १ लाख डाइन आणि १ ज्यूल म्हणजे १ कोटी अर्ग. नवखेपणी हे ओझं अंगावर घेऊ नका, मीटर-किलोग्रॅम-सेकंद वापरणारं पुस्तक शोधा.

## ८. क्रम मोडू नका, पण सगळं वाचायची सक्तीही करून घेऊ नका

गती, बल, ऊर्जा, संवेग. या चारांवर पुढचं सगळं उभं आहे, आणि सर्वाधिक लोक सोडून जातात तेही इथेच, कारण उतारावरून घसरणाऱ्या ठोकळ्यांमध्ये कृष्णविवराची जादू नसते. धीर धरा. घूर्णनगतीचं, म्हणजे स्वतःभोवती फिरणाऱ्या वस्तूंचं, प्रकरण पहिल्या वाचनात वरवर चाळलं तरी चालेल, ते बहुतेकांना जड जातं. ऊर्जा आणि संवेग मात्र गाळायचे नाहीत.

त्यानंतर दोलनं आणि तरंग, उष्णता, वीज आणि चुंबकत्व, प्रकाश, आणि शेवटी आधुनिक भौतिकशास्त्र. गती-बलाच्या या भागाचा फारच कंटाळा आला तर ऊर्जेनंतर थेट साध्या विद्युत परिपथांवर उडी मारता येते. मी मारली होती, काही बिघडलं नाही.

## ९. पान कसं वाचायचं

तासाला पाच पानं झाली तर वेग चांगला समजा. कादंबरीच्या वेगाने हे वाचन होत नाही.

सोडवलेलं उदाहरण दिसलं की उत्तर हाताने झाका. समजा प्रश्न असा आहे: चेंडू सेकंदाला २० मीटर वेगाने सरळ वर फेकला, तो किती उंच जाईल? गुरुत्वत्वरण सोयीसाठी १० धरा. सूत्र शोधायला धावू नका. दर सेकंदाला वेग १० ने कमी होणार: आत्ता २०, एका सेकंदाने १०, दोन सेकंदांनी शून्य. म्हणजे वर जायला दोन सेकंद लागले. या दोन सेकंदांतला सरासरी वेग १०, म्हणून उंची २० मीटर. आता सूत्राने ताडून बघा: वेगाचा वर्ग ४००, दुप्पट त्वरण २०, भागाकार २०. जमलं. एककंही तपासा: वर मीटर वर्ग भागिले सेकंद वर्ग, खाली मीटर भागिले सेकंद वर्ग, उरतो मीटर. उंची मीटरमध्येच यायला हवी होती. एककं जुळली नाहीत तर उत्तर नक्की चुकलंय.

इथे थांबू नका. प्रश्न स्वतःच बदला. वेग दुप्पट, म्हणजे ४० केला तर? आधी अंदाज लिहा आणि मग सोडवा. उंची ८० मीटर येते, म्हणजे चौपट. दुप्पट का नाही? कारण लागणारा वेळही दुप्पट होतो आणि सरासरी वेगही. तीन-चार प्रकरणांनंतर गतिज ऊर्जेत वेगाचा वर्ग भेटेल तेव्हा तो तुम्हाला ओळखीचा वाटेल.

सोडवलेलं उदाहरण नुसतं वाचलं की सगळं कळल्यासारखं वाटतं. दुसऱ्या दिवशी तेच उदाहरण कोऱ्या कागदावर सोडवायला घ्या. आलं तरच ते आलं.

नोंदींसाठी मला मायकेल फॅरेडेंची गोष्ट फार उपयोगी पडली. ते पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करायचे आणि बांधायला आलेली विज्ञानाची पुस्तकं वाचून काढायचे. १८१२ मध्ये त्यांनी रसायनशास्त्रज्ञ हंफ्री डेव्ही यांची व्याख्यानं ऐकली, नोंदी घरी पुन्हा सविस्तर, आकृत्यांसह लिहून काढल्या, बांधल्या आणि डेव्हींना पाठवल्या. १८१३ मध्ये ते रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये डेव्हींचे साहाय्यक झाले. यातलं "पुन्हा लिहून काढल्या" हे आपल्या कामाचं आहे. प्रकरण संपलं की पुस्तक मिटून पक्क्या वहीत एक पान आपल्या भाषेत, आकृती काढून लिहा. जिथे हात थांबेल ते आपल्याला कळलेलं नाही. फॅरेडेंना गणित फारसं येत नव्हतं हेही खरं, पण त्याचा आधार घेऊन गणित टाळू नका. त्यांच्या कल्पनांना पुढे मॅक्सवेल यांनी समीकरणांत बसवलं, तेव्हाच त्यांची पूर्ण ताकद दिसली.

## १०. हाताने करून बघा

मीटरभर दोऱ्याला नट बांधा. टांगलेल्या टोकापासून नटाच्या मध्यापर्यंत बरोबर १ मीटर मोजा. थोडासाच, दहा अंशांपर्यंत, बाजूला ओढून सोडा आणि २० दोलनांना लागणारा वेळ घ्या (नट एकदा पलीकडे जाऊन परत आला की एक दोलन). २० ने भागलं की दोलनकाल मिळतो. मग ४ गुणिले पाय (π) चा वर्ग गुणिले लांबी, याला दोलनकालाच्या वर्गाने भागा. गुरुत्वत्वरण मिळायला हवं.

मला पहिल्यांदा १०.९ आलं. संध्याकाळभर मी पुस्तकात चूक शोधत होते. माझी २० दोलनं ३८ सेकंदांत झाली होती, म्हणजे दोलनकाल १.९. मग लक्षात आलं की नट सोडतानाच मी "एक" म्हणत होते, त्यामुळे प्रत्यक्षात मोजली गेली १९ दोलनं. मोजणी शून्यापासून सुरू केली, वेळ ४० सेकंदांच्या जरासा वर गेला आणि उत्तर ९.८ आलं. त्या एका संध्याकाळने मोजमापातल्या चुकांबद्दल जे शिकवलं ते कुठल्या प्रकरणातून शिकले नसते.

घरी करता न येणाऱ्या गोष्टींसाठी फेट नावाची मोफत सिम्युलेशन्स आहेत. कोलोराडो विद्यापीठात नोबेल मानकरी कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये हा प्रकल्प सुरू केला, आणि त्यातली बरीच सिम्युलेशन्स मराठीतही आहेत. परिपथ जोडण्याचं आणि तरंगांचं आधी बघा. बटण दाबण्याआधी काय होईल ते वहीत लिहायची सवय ठेवा, नाहीतर तो नुसता खेळ होतो.

## ११. अडलं तर

एखादा मुद्दा दोन दिवस डोकं घालूनही सुटला नाही, तर जोडपुस्तकात तोच मुद्दा वाचा. वेगळं चित्र किंवा वेगळं उदाहरण पुष्कळदा कुलूप उघडतं. तरीही नाही जमलं तर समासात तारीख आणि प्रश्नचिन्ह घालून पुढे जा. महिन्याने परत या. माझी निम्मी प्रश्नचिन्हं अशीच आपोआप खोडली गेली.

कुणाला विचारायचं असेल तर "हे प्रकरण कळत नाही" असं विचारू नका. उदाहरण लिहा, तुम्ही कुठपर्यंत आलात ते लिहा, आणि कोणत्या ओळीवर पाय अडला ते दाखवा. असा प्रश्न लिहिता लिहिताच उत्तर सापडतं, हे मी कितीतरी वेळा अनुभवलंय.

पुस्तक बदलायचं कधी? सलग तीन प्रकरणांत गणितामुळे अडत असाल तर खालच्या पायरीचं घ्या, त्यात कमीपणा नाही. उदाहरणं अवघड वाटतात पण वाचलेलं समजतंय, अशी स्थिती असेल तर पुस्तक बदलू नका. ते पुस्तक तेव्हा नीट काम करतंय.

## १२. पुढच्या पुस्तकाकडे कधी जायचं

संपलेल्या प्रकरणांमधून डोळे मिटून दहा उदाहरणं निवडा आणि पुस्तक न उघडता सोडवा. सात बरोबर आली तर कॅल्क्युलस शिकायला घ्या आणि त्याच्या जोडीने वरच्या घराण्यातलं पुस्तक सुरू करा. पाचच आली तर चुकलेल्या उदाहरणांची प्रकरणं पुन्हा वाचा, सगळं पुस्तक नाही.

आणि आता फायनमन उघडा. पहिल्या खंडातलं चौथं प्रकरण ऊर्जेच्या अक्षय्यतेवर, म्हणजे एकूण ऊर्जा कायम राहते यावर, आहे, तिथून सुरू करा. एका मुलाकडे २८ ठोकळे आहेत आणि त्याची आई रोज संध्याकाळी ते मोजते. एके दिवशी २७ भरतात, आणि ती उरलेला ठोकळा शोधायला गालिचा उचलून बघते.